गुत्ता, नाका आणि भट्टी : धाराशिव जिल्ह्यातील आबकारी कारभार

धाराशिव जिल्ह्यातील आबकारी कारभाराचा, म्हणजे मद्य व मादक पदार्थांवरील कर आणि बंदोबस्त यांचा, इतिहास समजून घेताना हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्याच्या पश्चिम सीमेवर होता आणि लगतच्या बार्शी-सोलापूर भागात मुंबई इलाख्याचा कायदा चालत होता, ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. जमीन महसुलाबरोबर आबकारी हा निजामी तिजोरीचा मोठा आधार होता. 1316 फसलीच्या, म्हणजे सुमारे 1906-07 च्या, हैदराबाद आबकारी कायद्याने हा कारभार एका चौकटीत आणला. दारू व शिंदी विकण्याचा हक्क लिलावात घेणाऱ्यास गुत्तेदार म्हणत आणि गुत्तेदाराखेरीज कोणी विकू नये, याकडे आबकारीच्या अंमलदाराने लक्ष द्यायचे असे. दारू पिणाऱ्याला रोखणे हे त्याचे काम नव्हते. चोरटी विक्री रोखून सरकारचे उत्पन्न राखणे हे होते, आणि गावकऱ्यांच्या दृष्टीने तो गुत्तेदाराच्या बाजूचाच माणूस ठरला, यात नवल नाही.

म्हणूनच 1947-48 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या निजामी राजवटीविरुद्धच्या आंदोलनाने शिंदीची झाडे तोडणे आणि करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके उठवणे हे कार्यक्रम हाती घेतले. या झाडतोडीकडे केवळ व्यसनमुक्तीचा उपक्रम म्हणून पाहणे अपुरे आहे. शिंदीचे प्रत्येक झाड हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन असल्याने त्यावरची कुऱ्हाड थेट तिजोरीवर पडत होती.

निजामी राजवट संपली तरी जुना आबकारी कायदा लगेच गेला नाही. मुंबई राज्याने 1949 चा दारूबंदी कायदा करून एप्रिल 1950 पासून पूर्ण दारूबंदी लागू केली, परंतु मराठवाडा 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावरही तो कायदा येथे 1959 च्या विस्तार कायद्यानेच पोहोचला. ज्या खात्याने गुत्त्याचे रक्षण केले, त्याच्याच वारसदार खात्याला आता दारूबंदी राबवायची होती. जिल्ह्यातील अंमलबजावणीच्या इतिहासात याहून मोठा पालट दुसरा नाही. पुढे परवान्यांचे नियम सैल झाले आणि खाते राज्य उत्पादन शुल्क या नावाने महसूलही गोळा करू लागले. कायदा मात्र दारूबंदीचाच राहिला.

या काळात मुख्य लक्ष्य ठरली हातभट्टी. गूळ आणि नवसागर पाण्यात आंबवून तयार होणारे रसायन पिंपात, बहुधा नाल्याकाठी किंवा जमिनीत पुरून ठेवतात आणि काही दिवसांनी भट्टीवर चढवून त्यातून दारू गाळतात. त्यामुळे निरीक्षक, दुय्यम निरीक्षक आणि जवान यांच्या छाप्यात दारूपेक्षा रसायनच अधिक सापडते, आणि पंचनामा करून ते जागेवरच ओतून नष्ट केले जाते. 1981 च्या स्थानबद्धता कायद्याच्या नावातच हातभट्टीवाल्यांचा उल्लेख आहे. मात्र पारध्यांसारख्या समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाल्यानंतरही पारधी वस्त्यांवरचा संशय टिकून राहिला, ही या बंदोबस्ताची दुखरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. पिंप फोडले जाते, पण ते भरणाऱ्या कुटुंबाला दुसरे पोट भरण्याचे साधन मिळत नाही.

तंबाखूचा बंदोबस्त वेगळ्या हातांत राहिला. 1943 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात सुरू झालेला तंबाखूवरील केंद्रीय अबकारी कर 1950 च्या आर्थिक एकीकरणानंतर येथे आला, आणि 2012 मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातल्यावर कारवाई अन्न व औषध प्रशासन आणि पोलिसांकडे गेली. उमरगा तालुका कर्नाटकाला भिडलेला आणि सोलापूर-हैदराबाद महामार्ग त्यातून जाणारा असल्याने राज्य बदलले तरी सीमेवरची तपासणी संपली नाही.

2008 च्या आदेशाने दारूचे दुकान बंद करण्याच्या कामात गावातील स्त्रियांना कायदेशीर स्थान मिळाले. महिला मतदारांपैकी 25 टक्क्यांनी मागणी केल्यास सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते, आणि ‘आडवी बाटली’ या चिन्हाला निम्म्याहून अधिक मते पडल्यास दुकान बंद होते. ही निम्म्याची मोजणी मात्र झालेल्या मतदानावर नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांवर होते, त्यामुळे ऊसतोडीला बाहेरगावी गेलेल्या बाईचे न पडलेले मतही दुकानाच्या पारड्यात जाते.