जत्रा कोणाची? माळेगाव ते आमची कलाजत्रा

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचा नेटपॅक संपलाय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

आजचा विषय माझ्या एका चुकीतून निघालाय. आम्ही आठ-दहा मित्रमैत्रिणींनी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोन दिवसांची कलाजत्रा भरवायचं ठरवलं. मैदान शाळेचं, मदत एका सामाजिक संस्थेची, आणि धावपळ आमची. चित्रांचे स्टॉल, मुलांसाठी मातीकाम, संध्याकाळी गोंधळ आणि भारूड. पोस्टर मीच केलं. वर संस्थेचं नाव, खाली देणगीदारांची नावं, आणि मधे मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सोबत आपले लोककलावंत’.

ते पोस्टर घेऊन मी एका गोंधळी मामांकडे गेलो. संबळ वाजवणारे, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी नातवाकडून पोस्टर वाचून घेतलं आणि मला म्हणाले, “समद्यायची नावं लिवलाव. आमचं कुठं लिवलाव?”

मी म्हटलं, “मामा, हे काय, लोककलावंत.”

ते म्हणाले, “ते आमचं नाव न्हाई. आन पैशाचं काय ठरवलाव?”

पैशाचं आम्ही ठरवलंच नव्हतं. येण्याजाण्याचा खर्च, जेवण आणि शाल-श्रीफळ, एवढंच डोक्यात होतं. मी मान खाली घालून परत आलो. मग मला प्रश्न पडला की, आपल्या भागात जत्रा भरवत आलंय कोण? आणि कलावंताला द्यायचं कोणी? तो शोध म्हणजे आजचा एपिसोड.

सुरुवात माळेगावपासून. नांदेडहून लातूरकडे येताना लोहा तालुक्यात माळेगाव लागतं. खंडोबाचं ठाणं. मार्गशीर्ष महिन्याच्या शेवटी, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत, इथं यात्रा भरते. देवस्वारी निघते, बेल-भंडारा आणि खोबरं उधळलं जातं, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा मोठा बाजार भरतो. कुस्त्यांची दंगल असते, घोंगड्यांपासून भांड्यांपर्यंत दुकानं असतात, आणि रात्री लावणी. अनेक भटक्या समाजांची माणसं वर्षातून एकदा इथं भेटायची, सोयरिकी जुळायच्या, जातपंचायती बसायच्या. त्या पंचायतींचे काही निवाडे फार जाचक असायचे, विशेषतः बायकांसाठी, हेही सांगायला हवं. जुनं ते सगळं सोनं नसतं.

आता गंमत बघा. या यात्रेत वाघ्या-मुरळी येतात ते कुणी आमंत्रणपत्रिका पाठवली म्हणून नाही. खंडोबाच्या दारात जागरण घालणं हा त्यांचा हक्क आहे. गोंधळ्यांचं तसंच. माहूरची रेणुका असो की तुळजापूरची भवानी, लग्नानंतर घरात गोंधळ घालायला गोंधळीच लागतो. गावगाड्यात सुतार-लोहारांना बलुतं मिळायचं, तसं गोंधळी, जोशी यांच्यासारख्यांनाही सुगीच्या वेळी धान्याचा वाटा असायचा. तो वाटा तुटपुंजा होता आणि जातीला जखडलेला होता. पण ‘द्यायचं की नाही’ हा प्रश्न त्यात नव्हता. कामाचा मोबदला ठरलेला होता.

मग निजामाचा काळ. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तिथं सभा-संमेलनांवर कडक बंधनं होती. ‘गश्ती ५३’ नावाचा एक हुकूम प्रसिद्ध आहे. त्यानुसार जाहीर सभेला आधी सरकारी परवानगी काढावी लागे. आज आपण पोलीस परवानगीसाठी एक चक्कर मारली तरी वैतागतो, तेव्हा तर भाषणात काय बोलणार याचीही चौकशी व्हायची. मग लोकांनी वाट काढली. गणेशोत्सवात मेळे निघायचे. पोरं एका गणवेशात गाणी म्हणायची, संवाद करायची, आणि देवाच्या गाण्यातून देशाची गोष्ट सांगायची. या कामामागे वाचनालयं होती, व्यायामशाळा होत्या, आर्य समाज होता, खासगी मराठी शाळा होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर या सगळ्या ‘ना-नफा’ संस्था! वर्गणी लोकांची, घाम लोकांचा. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, त्यात या छोट्या संस्थांचा वाटा आहे. त्यांतूनच पुढे मोठं कामही उभं राहिलं. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज सुरू झालं.

पुढचा टप्पा सरकारचा. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. माळेगावच्या यात्रेचं नियोजनही पुढे नांदेड जिल्हा परिषदेकडं आलं. पाणी, दिवे, जनावरांचे डॉक्टर, कृषी प्रदर्शन, लावणी महोत्सव, लोककला महोत्सव हे सगळं त्यातून उभं राहिलं. लाखो माणसांची सोय करायची म्हणजे खायचं काम नाही. पण एक बदल झाला. देवळाच्या दारातला हक्कदार आता मंचावरचा ‘कार्यक्रम’ झाला. आधी सत्कार, मग भाषणं, मग उरलेल्या वेळात कला. हे चित्र फक्त माळेगावचं नाही. तुमच्या गावातही पाहिलं असेल.

आणि संस्था-भागीदारी हा शब्द आपल्याकडं घरोघरी कधी पोचला? ३० सप्टेंबर १९९३ नंतर. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. सरकार आलं, जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरदुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. मदत किती मिळणार, सिमेंट कसं वापरायचं, कुठं तक्रार करायची, हे त्या बायका घरोघर सांगायच्या. म्हणजे ज्यांच्यासाठी काम चाललंय, त्यांच्या हातात माहिती. माझ्या मते भागीदारीचा खरा अर्थ हाच. नुसता दोन लोगो शेजारी छापणं म्हणजे भागीदारी नव्हे.

शहरातलं एक उदाहरण देतो. मुंबईत १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला. नऊ दिवस, रस्त्यावर, प्रवेश मोफत. नृत्य, नाटक, साहित्य, प्रत्येक विभागाची वेगळी टीम. सातव्या एडवर्डचा जो पुतळा होता, ज्यावरून भागाला नाव पडलं, तो १९६५ मध्येच तिथून हलवलेला. २०१७ मध्ये असोसिएशननं तिथं नवा काळा घोडा उभा केला, यावेळी पाठीवर राजा नाही! परिसराच्या जुन्या वास्तू जपणं हा या संस्थेच्या कामाचाच भाग आहे. म्हणजे जत्रा ज्या जागेवर भरते, त्या जागेला काहीतरी परत मिळतं.

आता परत आमच्या पोस्टरकडे येतो. मामांचं ‘नाव कुठंय’ हे मी आधी मानापमानाचं समजलो होतो. नंतर कळलं की त्यात पोटाचा प्रश्न आहे. वय झालेल्या कलावंतांसाठी राज्य सरकारची मासिक मानधन योजना आहे. तिच्या अर्जाला कलेत इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं. ज्यानं पन्नास वर्षं रात्र-रात्र संबळ वाजवला, त्याच्याकडं कागद कुठला? आणि जो एक कागद मी छापला, त्यावर मी त्याचं नाव खाऊन टाकलं होतं.

आम्ही संस्थेबरोबर पुन्हा बसलो. त्यांच्या ताईंनी आमची बाजू घेतली नाही, मामांची घेतली, आणि बरंच झालं. एक पानी करार मराठीत लिहिला. मानधन किती, कधी, कुणाच्या हस्ते. निम्मं आधी, निम्मं कार्यक्रम झाल्याबरोबर. पैसा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून जाणार, कारण तिचा हिशेब दरवर्षी तपासला जातो, आमच्या मित्रमंडळाचा नाही. जमाखर्च मैदानाच्या गेटवर फळ्यावर लिहिणार. स्टॉल पाच कमी केले, मांडव लहान केला, आणि तो पैसा मानधनात घातला. पोस्टर नव्यानं छापलं. कलावंतांची पूर्ण नावं, गावासकट, आणि देणगीदार खाली बारीक टायपात. एक देणगीदार नाराज होऊन गेला. खोटं कशाला बोलू, त्या रात्री झोप लागली नाही.

जत्रा झाली. गर्दी बेताचीच होती, दुसऱ्या दिवशी जनरेटरनंही दगा दिला. पण मामांनी दिवटीच्या उजेडात गोंधळ घातला, आणि माइक नसल्यानं लोक पुढं सरकून बसले. निघताना त्यांनी दोन पोस्टरं मागून घेतली. एक भिंतीला, एक अर्जाला.

तर मंडळी, तुमच्या गावात अशी जत्रा भरवणार असाल तर मांडवाचा हिशेब नंतर करा. आधी कलावंताच्या घरी जा, नाव नीट विचारून घ्या आणि आकडा ठरवा. आणि तुमच्या गावच्या जत्रेत कलावंतांचा मान काय होता, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!