लेझीम, हलगी आणि शाळेचे पटांगण

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सोयाबीन शेंगांनी लवलेले आणि तूर गुडघ्याच्या वर आलेली असताना, धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या गावावरून दुपारी तीन-चारच्या सुमारास जावे, तर शाळेच्या पटांगणाकडून एक ध्वनी बहुधा कानी येतो. शेकडो लोखंडी चकत्या एकाच क्षणी एकमेकींवर आदळाव्यात आणि पुढच्याच क्षणी निःशब्द व्हाव्यात, असा तो छणत्कार असतो. त्याच्या तळाशी हलगीचा कडकडाट अखंड चाललेला असतो, आणि मधूनमधून मास्तरांची शिटी. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्रामदिनाची मिरवणूक, २६ जानेवारीचे संचलन आणि हिवाळ्यातील शालेय स्पर्धा यांची ती पूर्वतयारी. दूरदेशीच्या शाळांत जे स्थान पितळी वाद्यांच्या संचलनपथकाला आहे, ते आमच्याकडे लेझमीने पटकावले आहे. आणि तिचा इतिहास सांगू लागले की या मुलखावरून गेलेल्या अनेक राजवटी आपोआप डोळ्यांसमोर उभ्या राहतात.

लेझीम हा शब्द फारसी. मूळ 'लेज़म' म्हणजे तिरंदाजाचे सरावाचे धनुष्य, ज्याला दोरीच्या जागी लोखंडी साखळी असे. ती जड साखळी पुनःपुन्हा ताणून खांदा आणि छाती बळकट करावयाची, हा तिचा उपयोग. पुढे तोफा-बंदुकांच्या युगात धनुष्याचे युद्धातील प्रयोजन संपले, परंतु तालमीच्या मातीत ही साखळी टिकून राहिली. तिच्यात चकत्या ओवल्या गेल्या, दांडा हलका होत दीड फुटाच्या आसपास आला, आणि जे शस्त्राचे अंग होते ते वाद्याचे अंग झाले. अजूनही लेझीम हाती घेऊन पाहावी: दांडा आणि साखळी एकमेकांपासून दूर नेली की एक आवाज, जवळ आणली की दुसरा, दूर नेताना खांद्यात जो ताण जाणवतो, तो धनुष्य ओढणाऱ्याचाच ताण होय.

तिच्या प्रकारांची नावेही हीच साक्ष देतात. घाटी लेझीम, आठ आवाज, बैठक आवाज, आगे पाँव, दो फेरकी, चौ फेरकी, कदमताल, पवित्रा: या परिभाषेवर हिंदुस्थानी बोलीची छाप आहे, आणि लोहाऱ्याचा किंवा भूमचा पाचवीतला मुलगा ती आपल्या घरचीच भाषा म्हणून उच्चारतो. ज्या जिल्ह्यात बोरी नदी अडवून नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल उभारणारा दुसरा इब्राहिम आदिलशाह हा स्वतः संगीताचा थोर उपासक होता, आणि ज्या जिल्ह्यात तुळजापुरास आई भवानीच्या नावाने गोंधळ्यांचे संबळ वाजते, तेथे मराठी पाऊल आणि फारसी नाव एका तालावर यावे, यात नवल ते कोणते?

पाश्चात्त्य बँडची वंशावळही रणभूमीकडेच जाते. तुर्की सुलतानांच्या जानिसारी फौजेपुढे नगारे, झांजा आणि सनया वाजवीत चालणारे 'मेहतर' पथक युरोपने अठराव्या शतकात अनुकरणीय मानले. तेथील पलटणींनी ते आपलेसे केले. पलटणींतून ते शाळांत उतरले, आणि अमेरिकेत १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा तिच्यामागे वाद्ये बनविणाऱ्या कारखानदारांचे पाठबळ होते. इंग्रजी पलटणींबरोबर हाच बँड हिंदुस्थानात आला आणि कालांतराने लग्नाच्या वरातीपुढे स्थिरावला. परंतु क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांना पैसा लागतो, शिकविणारा लागतो. उलटपक्षी लेझीम गावच्या सुताराने आणि लोहाराने मिळून करावी, इतकी सोपी. म्हणून गरिबाच्या शाळेत तीच आली.

ती शाळेत आली, तीही सहजासहजी नव्हे. निजामाच्या अमदानीत या जिल्ह्यात, ज्याला सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद म्हटले जाई, सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. खाजगी शाळा काढावयाची तर हुजुरांची परवानगी लागे, आणि 'गश्ती निशाण ५३' या हुकमाने सार्वजनिक सभांवरही बंधन आले होते. जेथे चार माणसांनी एकत्र येणे हाच संशयाचा विषय, तेथे मुलांनी रांगेत उभे राहून एका तालावर पावले टाकणे ही गोष्ट निव्वळ कवायतीची राहत नाही. १९२१ साली हिप्परगा येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय शाळेचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. पुढे ज्यांनी निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले ते स्वामी रामानंद तीर्थ याच शाळेत शिक्षक होते, आणि त्यांनी संन्यासदीक्षा घेतली तीही हिप्परग्यासच.

याच काळात निजामी सरहद्दीपलीकडे देशी व्यायामाला शास्त्राचे रूप येत होते. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव सांघिक कवायतीला देशी आज्ञांची शिस्त देत होते; अमरावतीस १९१४ साली निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले पथक नेऊन भारतीय व्यायामप्रकार जगासमोर ठेवले; आणि संपादक मुजुमदारांच्या दहा खंडी 'व्यायामज्ञानकोशा'ने हे सारे ज्ञान मराठीत ग्रथित केले. गावोगावच्या तालमींत नाना तऱ्हांनी चालणारी लेझीम गणतीत, आकड्यांत आणि आज्ञांत बसली ती या सर्वांच्या परिश्रमांमुळे. आणि ज्याची गणती होते त्याचीच स्पर्धा होऊ शकते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले, चार दिवसांनी निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला, आणि पुढे केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी भरणाऱ्या शालेय स्पर्धांत कबड्डी-खोखोच्या जोडीला लेझीमही दाखल झाली. जी केवळ तालमीतल्या पुरुषांची होती, ती परकरातल्या मुलींच्या हाती गेली, हा त्यातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा पालट.

तथापि या इतिहासाचे एक पान कोरे राहिले आहे. लेझमीला ताल देणारी हलगी वाजविण्याची विद्या आमच्या भागात प्रामुख्याने मातंग समाजाने पिढ्यान्पिढ्या जतन केली. आणि ज्याच्या तालावर शाळा नाचली, त्याच्या लेकरांना त्याच शाळेचा उंबरठा दीर्घ काळ बंद होता. माझ्या बालपणी आमच्या शाळेचे पथक तालुक्याच्या स्पर्धेस गेले होते. आमची पाळी येण्यापूर्वी हलगीवाले काका मैदानाच्या कडेला वाळल्या पाचटाचा जाळ करून बसले होते. हलगीचे कडे ते जाळावर धरीत, फिरवीत, बोटाने चामड्यावर टिचकी मारीत, कान लावून ऐकत, आणि मान हलवून पुन्हा धरीत. शेवटी मनाजोगा स्वर निघाला तेव्हा ते उठले, हलगी खांद्याशी घेतली, डाव्या हातातील बारीक काडी आणि उजव्या हातातील टिपरी एकदाच पडली, आणि आम्हा चाळीस जणांचे हात, कोणी आज्ञा देण्यापूर्वीच, वर गेले. आमचा पहिला नंबर आला. प्रमाणपत्रावर चाळीस नावे होती. छायाचित्रात चाळीस मुले आणि मास्तर होते. काका छायाचित्रकाराच्या पाठीमागे, विझलेल्या पाचटाशेजारी उभे होते, आणि त्यांना बोलवावे असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

अलीकडे प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने केंद्रशासन शाळांसाठी राष्ट्रीय बँडस्पर्धा भरविते. तिच्यात पाइप बँड आणि ब्रास बँड असे विभाग असतात. आमच्या मुलांनी त्यातही अवश्य उतरावे. परंतु स्वतःच्या पटांगणावरील स्पर्धेचा निवाडा आपल्या हाती आहे. पंचांच्या कागदावर 'ताल' असा रकाना असतो आणि त्यात पथकाला गुण पडतात. ते गुण ज्याने मिळवून दिले त्याचे नाव पथकाच्या यादीत पहिले लिहावे, त्याला मानधन देऊन शाळेत हलगी शिकविण्यास बोलवावे, आणि ती काडी व टिपरी कोणत्याही जातीच्या मुलामुलीने हौसेने हाती घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे. त्या दिवशी एकेचाळिसावे नाव लिहिण्यास कागदावर जागा भरपूर होती.