गळ्याला छिद्र म्हणजे शेवट नव्हे!

"पेशंटच्या गळ्याला छिद्र पाडावं लागेल," असं आयसीयूतल्या डॉक्टरांनी म्हटलं की नातेवाइकांचा धीर सुटतो. 'आता काही खरं नाही' असंच सगळे धरून चालतात. बातमीदारी करताना हे मी कितीदा तरी ऐकलंय. म्हणून या छिद्राचा, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचा, इतिहास थोडक्यात सांगतो.

ऑगस्ट १९५२. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडॅम रुग्णालयात येत होती. अशा रुग्णांपैकी शंभरात ८० हून अधिक दगावत. लाळ फुप्फुसात उतरायची, त्यामुळे बाहेरून छाती हलवणारी यंत्रंही हरायची.

तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. बारा वर्षांची एक मुलगी अखेरचे श्वास घेत होती. स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि इब्सेनने रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. मुलगी वाचली!

पण बाकीच्यांसाठी यंत्रं कुठून आणायची? मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून बसले. सुमारे १५०० जणांनी काही महिने रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण शंभरात २५ च्या आसपास आलं. आजच्या आयसीयूची कल्पना यातूनच रुजली.

पुढे १९८५ मध्ये पास्क्वाले सिआलिया या अमेरिकन सर्जनने सोपी पद्धत मांडली. सुईने श्वासनलिकेत बारीक तार सरकवायची आणि तिच्यावरून छिद्र हळूहळू रुंद करायचं. त्यामुळे अनेक रुग्णांचं हे काम आयसीयूच्या खाटेवरच होतं. व्हेंटिलेटरवरचा नाजूक रुग्ण ऑपरेशन थिएटरपर्यंत हलवायचा धोका टळतो.

धोके यातही आहेतच. रक्तस्राव होऊ शकतो, नळी निसटू किंवा तुंबू शकते. पण तोंडातली नळी निघते, गुंगीचं औषध बऱ्याचदा कमी लागतं, कफ काढणं सोपं जातं. रुग्ण सुधारला की नळी काढतात आणि छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरतं.

तेव्हा सही करण्याआधी घाबरून न जाता विचारा: हे आत्ताच का? नळी कधी निघेल? आणि रात्री दोन वाजता नळी तुंबली तर ती साफ करायला शिकलेली नर्स वॉर्डात असेल का? हा शेवटचा प्रश्न डॉक्टरांइतकाच आपल्या लोकप्रतिनिधींनाही विचारा. व्हेंटिलेटरचं उद्घाटन फोटोसकट होतं, नर्सच्या रिकाम्या जागांचं काय?