दोर आपल्यासाठी, लीडर माशासाठी

खाडीच्या काठावर दोन-तीन तास तपश्चर्या केल्यावर गळाला जिताडा लागतो, दोर ताणला जातो आणि पुढच्याच क्षणी सैल पडतो. हौशी मासेमारांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी नशिबाला दोष देण्यापूर्वी दोराचे टोक निरखून पाहावे. ते खरखरीत झाले असेल, तर दोर खडकावर घासला आहे. सुरीने कापल्यासारखे असेल, तर माशाच्या दातांनी किंवा कल्ल्याच्या धारदार झाकणाने आपले काम केले आहे. टोक कुरळे, पीळदार असेल, तर गाठ सुटली आहे. हा तिसरा दोष मात्र सर्वस्वी आपला.

रीळ आणि काठी वापरणाऱ्यांचा दोर आज बहुधा दोन भागांचा असतो. रिळावर मुख्य दोर असतो आणि गळाच्या बाजूला त्याला तीन ते पाच फुटांचा लीडर जोडलेला असतो. मुख्य दोर पॉलिएथिलिनच्या तंतूंच्या विणीचा असतो. तो बारीक असूनही बळकट असतो आणि फारसा ताणत नसल्यामुळे माशाची हलकी ओढही बोटांना जाणवते. मात्र तो अपारदर्शक असतो आणि खडकावर लवकर झिजतो. म्हणून लीडर नायलॉनच्या तंगुसाचा किंवा फ्लुओरोकार्बनचा घेतात.

रंगाचा प्रश्न या विभागणीमुळेच सुटतो. मुख्य दोराचा रंग आपल्या डोळ्यांसाठी असतो. पिवळा किंवा पोपटी दोर पहाटेच्या अंधुक प्रकाशातही दिसतो, प्रवाहाबरोबर तो कुठे चालला आहे हे कळते आणि शेजाऱ्याच्या दोरात गुंतत नाही. लीडर माशाच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून तो पारदर्शक असावा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३ आहे. पाण्याच्या अंकाशी जवळीक जितकी अधिक, तितका धागा पाण्यात कमी उठून दिसतो.

लाल दोर पाण्यात अदृश्य होतो, हा समज अर्धाच खरा आहे. पाणी लाल प्रकाश लवकर शोषून घेते. पण त्यामुळे दोर नाहीसा होत नाही, तो काळपट दिसू लागतो. शिवाय उथळ पाण्यात लाल रंग लालच राहतो. पावसाळ्यात कोकणातील खाड्यांचे पाणी गढूळ होते, तेव्हा रंगापेक्षा लीडरची जाडी महत्त्वाची ठरते. जिताडा कांदळवनाच्या मुळांत, पुलाच्या खांबांपाशी, कालवांनी भरलेल्या खडकांच्या आडोशाला राहतो. तेथे बारीक लीडर टिकत नाही.

आता गाठ. विणीचा दोर गुळगुळीत असल्याने साध्या गाठीतून सरकतो. त्यासाठी डबल युनी ही गाठ भरवशाची आहे. दोन्ही धाग्यांची टोके विरुद्ध दिशांनी आणून वीतभर एकमेकांवर ठेवावीत. दोराचे मोकळे टोक मागे वळवून फास करावा आणि ते टोक फासाच्या आतून दोन्ही धाग्यांभोवती आठ वेळा गुंडाळून हलकेच आवळावे. दुसऱ्या बाजूने लीडरच्या टोकाचीही तशीच गाठ घालावी. तो जाड असल्याने चार-पाच वेढे पुरतात. मग दोन्ही गाठी पाण्याने ओल्या करून मुख्य दोर आणि लीडर विरुद्ध दिशांना सावकाश ओढावेत. गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. कोरडी गाठ आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने धागा कमकुवत होतो, म्हणून ओली करण्याची पायरी टाळू नये. एफजी नावाची गाठ याहून सडपातळ होते व काठीच्या कड्यांतून सहज जाते. पण तिला सराव लागतो. डोलत्या होडीत डबल युनीच सोपी.

गळ टाकण्यापूर्वी हाताला फडके गुंडाळून गाठ जोराने ओढून पाहावी. ती सुटायचीच असेल, तर काठावर सुटलेली बरी. प्रत्येक मोठ्या माशानंतर लीडरवरून बोट फिरवावे आणि खरखर लागल्यास तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधावी. कापलेले तुकडे मात्र खाडीत टाकू नयेत, खिशात घालून घरी न्यावेत. तंगूस कुजत नाही आणि बगळ्याच्या पायात अडकलेला फास त्याला सोडवता येत नाही.