परतवाड्याचा गोपाळ आणि आपली मुले

मूर्तिजापूरच्या स्टेशनावर उभे राहिले की मोठ्या गाडीचे रूळ मुंबई-नागपूरकडे जाताना दिसतात. पण आपल्या भागातल्या माणसाला आठवते ती छोटी गाडी, शकुंतला. तिचा एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. आता तिची धाव थांबली आहे. अचलपूरच्या फाट्याने ७६ किलोमीटर गेले की शेजारीच परतवाडा. तिथे ८ जुलै १९१६ रोजी गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणू लागला.

त्यांची पुस्तके मुलांच्या हाती देताना शिक्षक मंडळींपुढे एक अडचण उभी राहते. गोनीदांनी वयाच्या तेराव्या वर्षी घर सोडले, स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घ्यायची म्हणून. शाळा झाली ती सातवीपर्यंत. आता सातवीच्याच वर्गात ही हकिकत सांगितली, अन् मागच्या बाकावरचे पोरगे उठून म्हणाले, “गुरुजी, मग आम्हीही शाळा सोडतो!” तर काय उत्तर द्यायचे?

उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यात आहे. घराबाहेर पडलेल्या ह्या पोराला गाडगेबाबा भेटले. बाबा आपल्याच तालुक्याचे म्हणायचे. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. पण बालपण गेले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी, मामाच्या घरी, गुरे राखण्यात. १९०५ साली त्यांनीही घर सोडले. स्वतः अक्षरशत्रू राहिलेला हा माणूस कीर्तनात लोकांना विनवीत असे की घरातले भांडे विकावे लागले तरी चालेल, पण लेकराला शाळेत घाला. गोनीदा बाबांबरोबर हिंडले, त्यांचा निरोप लोकांपर्यंत नेला, अन् पुढे त्यांचे चरित्रही लिहिले. नंतर आळंदीला राहून ज्ञानेश्वरीचा अभ्यास केला. नर्मदेची परिक्रमा पायी केली. म्हणजे शाळेचा बाक सुटला, अभ्यास सुटला नाही. उलट कोणी घंटा वाजवणारा नसताना तो वर्षानुवर्षे चालू राहिला. हे मुलांना नीट सांगितले, तर शाळा सोडण्याची भाषा कोणी करणार नाही. बाकावर बसून शिकणे किती सोपे, हेच त्यांना कळेल.

१९४७ च्या सुमारास त्यांनी लेखणीवर जगायचे ठरवले. कोकणातली ‘पडघवली’, मावळातला ‘पवनाकाठचा धोंडी’, भाक्रा-नांगल धरणावरची ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’, ज्ञानेश्वरांवरची ‘मोगरा फुलला’, शिवाय नाटके, चरित्रे आणि किल्ल्यांवरची पुस्तके. जिथली गोष्ट, तिथली बोली. असा चौफेर लिहिणारा माणूस मुलांसाठी उरलेसुरले लिहील, असे वाटेल. तसे झाले नाही. ‘आईची देणगी’ ह्या नावाने त्यांनी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. तेराव्या वर्षी घरातून निघून गेलेल्या माणसाने पुस्तकाला हे नाव द्यावे, त्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको.

थोड्या मोठ्या मुलांसाठी शिवकालावरच्या पाच कादंबऱ्या आहेत : ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’. गोनीदा ते किल्ले स्वतः पायी चढलेले. त्यामुळे कडा, तट, माची कशी असते, हे त्यांना ऐकून लिहावे लागले नाही. आपल्या सपाट काळ्या रानातल्या मुलाला सह्याद्री कुठला दिसायला? तो ह्या पानांतून दिसतो.

आणि ‘जैत रे जैत’. ठाकराच्या भगताचा पोर नाग्या. आपण पुण्यवंत व्हावे अन् डोंगरावरची राणीमाशी आपल्याला दिसावी, हा त्याचा ध्यास. तीच राणीमाशी त्याचा डोळा घेते. चांगले वागूनही असे का, म्हणून नाग्या पेटून उठतो. हा प्रश्न चौदा-पंधराव्या वर्षी प्रत्येकालाच पडतो, बरं का. फक्त घरात विचारायची सोय नसते. गोनीदा उपदेशाचा डोस पाजत नाहीत, गोष्ट सांगतात. १९७७ साली ह्या कादंबरीवर चित्रपटही निघाला.

भटकंतीच्या दिवसांवर लिहिलेल्या ‘स्मरणगाथे’ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सातवीपर्यंत शिकलेला वऱ्हाडचा हा मुलगा १९८१ साली आपल्याच अकोल्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

जाता जाता एक सांगतो. १९७५ पासून गोनीदा अन् त्यांच्या घरची माणसे त्यांच्या कादंबऱ्या लोकांपुढे मोठ्याने वाचून दाखवू लागली. पडदा नाही, वेशभूषा नाही. समोर पुस्तक आणि बसलेली माणसे. ह्याला पैसा लागत नाही. ज्या शाळेत पुस्तकाची एकच प्रत आहे, तिथेही एकाने वाचले तर चाळीस मुले ऐकतात. ज्या घरी आईबापाला अक्षर येत नाही, तिथे पोराने वाचावे, मायबापाने ऐकावे. शनिवारी शाळा लवकर सुटते. सुटण्याआधी पंधरा मिनिटे काढा, गुरुजी. मागच्या बाकावरच्या त्या पोरालाच वाचायला उभे करा. पुढच्या शनिवारी तो शाळेत येतो की नाही, ते बघा.