तळटीप : साक्रीच्या माळावरची ‘तटबंदी’
* येथे उल्लेखलेली तटबंदी कोणी बांधलेली नाही. धुळे, साक्री, नंदुरबार या पट्ट्यात माळावरून सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या भिंती म्हणजे भूशास्त्रातले डाइक. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळात, जमिनीच्या भेगांत तप्त शिलारस शिरून थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजला आणि ही कठीण भिंत उरली. तिला आडव्या चिरा पडल्याने ती खरोखर रचलेली वाटते. लेखकाला किल्ला दिसला, यात नवल नाही. बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम आहेत. सुरत-नागपूर महामार्गावरचे प्रवासी कोंडाईबारी घाटाची आठवण ठेवतात, यांची नाही. बळसाण्याची प्राचीन मंदिरे पाहायला जाणाऱ्याने येथेही अवश्य थांबावे.