वाडीपासून टॉवरपर्यंत : वसई धर्मप्रांताची वाटचाल

१९१८ साली वसईच्या पापडीत एक सहकारी पतसंस्था सुरू झाली. तिच्यामागे मोन्सिनियर पी. जे. मोनीस हे धर्मगुरू उभे होते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातला ख्रिस्ती शेतकरी तेव्हा केळी, पानवेली आणि भाजीपाल्यावर जगत होता. लग्नकार्य निघालं, घरात आजारपण आलं की सावकाराच्या ओट्यावर जाण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्येच झाला होता, पण वाडीतल्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. तो कायदा समजावून सांगणं, चार घरांना एकमेकांसाठी जामीन राहायला तयार करणं आणि वहीत हिशेब ठेवायला शिकवणं हे काम एका धर्मगुरूने आपलं मानलं. त्या पतसंस्थेची पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. २०१८ मध्ये तिला शंभर वर्षं पूर्ण झाली. आज तिच्या खातेदारांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत.

धर्मप्रांताची वाटचाल बँकेपासून का सांगायची, असं कुणी विचारील. वसईच्या चर्चचा स्वभाव मला या एका गोष्टीत सगळ्यांत स्पष्ट दिसतो. लोकांची नड ओळखायची, तिच्यासाठी काहीतरी शिकून घ्यायचं, इतरांना शिकवायचं आणि मग ते काम लोकांच्या हाती सोपवायचं. येत्या दोन-तीन वर्षांत या चर्चपुढे जे येऊ घातलं आहे, त्याकडेही मी याच नजरेने पाहतो.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढच्या काही दशकांत सांडोर, पापडी, आगाशी, नंदाखाल अशा गावांतून चर्च उभी राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातल्या मोठमोठ्या मठांचे पुढे भग्नावशेष झाले. पण वाड्यांतली सामवेदी कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती घरं जागची हलली नाहीत. त्यांची बोली, त्यांची लाल लुगडी, त्यांची शेती आणि संध्याकाळची जपमाळ हे सारं टिकलं. राजाश्रय गेल्यावर टिकलेली श्रद्धा ही वसईची खरी मिळकत आहे, आणि इतिहास सांगताना किल्ल्याच्या दगडांपुढे तिचा उल्लेख फार कमी होतो.

याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मले. जेझुइटांच्या हाताखाली शिकून ते जपानला गेले आणि तिथली भाषा शिकले. काही काळ त्यांनी व्यापारही केला. पुढे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांनी घेतली नव्हती. जपानी बोलता येत असल्यामुळे परक्या मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून त्यांचा मोठा आधार होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. फेब्रुवारीत त्यांचा सण येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना त्यांच्या हौतात्म्याची गोष्ट दरवर्षी सांगितली जाते. एक तरुण परक्या देशात जाऊन तिथल्या माणसांची भाषा मन लावून शिकला, हा भागही तितक्याच ठसक्याने सांगायला हवा.

मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा काढून वसई धर्मप्रांत स्थापन झाला तो २२ मे १९९८ रोजी. पापडीचं कृपामाता चर्च कॅथेड्रल झालं. भुईगावचे थॉमस डाबरे पहिले बिशप. त्यांनी डॉक्टरेट केली होती तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. वारकरी संताचा अभ्यास केलेला माणूस नव्या धर्मप्रांताच्या गादीवर बसला, याचा परिणाम वसईच्या पुढच्या वळणावर झाला असं मी मानतो. २००९ मध्ये आलेल्या आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांनी व्हॅटिकनमध्ये आंतरधर्मीय संवादाच्या विभागात अनेक वर्षं काम केलं होतं. २०२४ पासून बिशप थॉमस डिसोजा ही धुरा वाहत आहेत.

पण वसईच्या चर्चचं नाव महाराष्ट्रभर पोहोचवलं ते एका संपादकाने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, उपासना लोकांच्या भाषेत आली आणि वसईत मिस्सा मराठीतून होऊ लागली. त्या मराठीला साहित्याच्या अंगणात नेण्याचं काम फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलं. १९८३ ते २००७ एवढा काळ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. चर्चच्या बातम्या देणारं पत्रक एवढ्यावर त्यांनी मासिक थांबू दिलं नाही. मराठीतल्या लेखकांना त्यात लिहितं केलं, वसईतल्या शिक्षकांना, गृहिणींना, शेतकऱ्यांच्या पोरांना वाचायची आणि लिहायची सवय लावली. पुढे त्यांचं ‘सुबोध बायबल’ आलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा वसईतल्या हिंदू घरांतही आपलं माणूस गेल्याची भावना होती.

दिब्रिटोंचं दुसरं काम जास्त जोखमीचं होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला. केळीच्या बागांवर इमारतींचे आराखडे पडले. विहिरींतलं पाणी उपसून टँकर भरले जाऊ लागले. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिच्यात दिब्रिटो अग्रभागी होते. मोर्चे निघाले, सभा झाल्या, दहशतीला तोंड द्यावं लागलं. धर्मगुरूने पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर यावं का, यावर चर्चमध्येही वाद झाला. मला त्या वादाचं उत्तर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात मिळालं. पृथ्वीची काळजी हा श्रद्धेचाच भाग आहे हे त्यांनी जगाला सांगितलं तेव्हा वसईकरांना ती गोष्ट पंचवीस वर्षं आधी कळलेली होती. आंदोलनाला सगळं वाचवता आलं नाही. जे शिल्लक आहे त्यातलं बरंच त्या आंदोलनामुळे आहे.

सेवेच्या संस्था मोजायला बसलो तर जागा पुरणार नाही. सांडोरचं कार्डिनल ग्रेशिअस रुग्णालय, जागोजागच्या शाळा, संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय, गिरीजचं जीवन दर्शन केंद्र. धर्मप्रांताची हद्द मात्र वसई-विरारपुरती नाही. पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुकेही त्यात येतात. तिथल्या वारली आणि इतर आदिवासी पाड्यांत धर्मगुरू आणि सिस्टर्स वसतिगृहं, शाळा, दवाखाने चालवत आले आहेत. पापडी-नंदाखालच्या संपन्न ख्रिस्ती घराला तलासरी नकाशावर माहीत असते, पाय तिकडे फार थोड्यांचे वळतात. एकाच धर्मप्रांताचे हे दोन भाग एकमेकांना पुरेसे ओळखत नाहीत, ही माझ्या मते वसईच्या चर्चची सगळ्यांत मोठी उणीव आहे.

दुसरी ओळख राहून गेली आहे ती टॉवरमधल्या शेजाऱ्यांची. नालासोपारा, विरार, वसई रोड इथे गेल्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईतून आणि देशभरातून माणसं आली. त्यांत मंगळुरी, गोवेकर, मल्याळी, तामिळ, उत्तरेकडचे कॅथॉलिक आहेत. कुणी पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला जातं आणि रात्री परततं. त्यांच्यासाठी इंग्रजी-हिंदीत मिस्सा होतात. पण गावातल्या जुन्या घराला क्रूस कुठे, कपेल म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर कुठे, लदीन म्हणजे सामुदायिक प्रार्थना कुणाच्या अंगणात, हे पाठ असतं. सातव्या मजल्यावरच्या कुटुंबाला शेजारच्या विंगेत दुसरं ख्रिस्ती घर आहे हेही ठाऊक नसतं. वीस-तीस घरांचे जे छोटे समूह धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, चालतात, त्यांची खरी गरज इथे आहे. बायबलचा उतारा वाचून प्रार्थना म्हणावीच. त्याबरोबर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला दवाखान्यात कोण नेणार, कामावरून उशिरा येणाऱ्या आईच्या मुलांचा अभ्यास कोण घेणार, हेही त्याच बैठकीत ठरावं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं गाजावाजा न करता घरोघर जाऊन हे करत आली आहेत. त्यांच्या बैठकांना तरुण चेहरे हवेत.

आता पुढचं. वर्षाचा क्रम ठरलेला आहे आणि तो जाणून घेतला तर नव्या माणसालाही आत येण्याच्या वाटा सापडतात. जूनमध्ये शाळांबरोबर धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू होतात. तिथे शिकवणारे बहुतेक जण नोकरी-संसार सांभाळून येणारे प्रापंचिक असतात आणि दरवर्षी त्यांची चणचण भासते. ज्यांना मुलांत रमता येतं त्यांनी आपणहून नाव द्यावं. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठीच्या प्रार्थनेचा काळ. वसईत तो बावखलांच्या काठी पाळला जावा असं मला फार वाटतं. वाडीतली ही गोड्या पाण्याची जुनी तळी बुजत चालली आहेत. एकेका धर्मग्रामाने एकेक बावखल उपसून स्वच्छ केलं तर त्या काळातली सगळी प्रवचनं मुलांना न सांगता समजतील. ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिन, ऑक्टोबर जपमाळेचा, मग आगमनकाळ आणि नाताळचे गोठे. गोठे करणाऱ्या पोरांच्या हातात जी कल्पकता असते ती २५ डिसेंबरनंतर कुठे जाते, हा प्रश्न युवकांच्या गटांनी स्वतःला विचारावा. उपवासकाळात आपल्या ताटातलं वाचवून गरजूंना देण्याची रीत आहे. लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी विवाहपूर्व शिबिरं होतात. हिशेब, आजारपण, सासर-माहेर यांवर तिथे मोकळेपणाने बोललं जावं.

या नेहमीच्या क्रमात २०२७ आणि २०२८ ही वर्षं वेगळी ठरणार आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडने, म्हणजे पोपनी बोलावलेल्या चर्चच्या सभेने, जगभरच्या चर्चला एक गृहपाठ दिला : निर्णय घेताना प्रापंचिकांना, विशेषतः स्त्रियांना, खरोखर सोबत घ्या. तो किती झाला हे तपासण्यासाठी २०२७ च्या पहिल्या सहामाहीत प्रत्येक धर्मप्रांताने सभा घ्यायची आहे, आणि ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकनला सगळ्या चर्चची मोठी सभा भरणार आहे. त्याच वर्षी २२ मे रोजी वसई धर्मप्रांताला तीस वर्षं होतील. तिकडे ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या दिवसांत दक्षिण कोरियातल्या सोलला कॅथॉलिक तरुणांचा जागतिक युवा दिन आहे. गोन्सालो गार्सिया पूर्वेकडच्या ज्या समुद्रावरून गेले त्याच बाजूला आता वसईतले काही तरुण जातील.

सोलला जायला पैसा लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो. म्हणून मला असं सुचवावंसं वाटतं की जो युवक सोलचं नाव नोंदवील त्याने त्याआधी एक आठवडा तलासरी किंवा जव्हारच्या वसतिगृहात राहावं, वारली मुलांना गणित शिकवावं आणि त्यांच्याकडून त्यांची बोली शिकावी. आणि जायचा खर्च उभा करताना पाड्यावरच्या एखाद्या मुला-मुलीचाही उभा करावा. मोनीस फादरांच्या पतसंस्थेने एकमेकांना जामीन राहायला शिकवलं, तेच इथे करायचं आहे.

२०२७ च्या सभेबद्दल माझी मागणी साधी आहे. त्या सभेत केळी विकून मुलं शिकवलेली कुपारी बाई बोलावी, नालासोपाऱ्याच्या चाळीतला तामिळ रिक्षावाला बोलावा, पाड्यावर प्रार्थना चालवणारा वारली कॅटेकिस्ट बोलावा. त्यांच्यासाठी सभा रविवारी दुपारी ठेवावी, कामाच्या दिवशी नको. ज्याला मराठी येत नाही त्याच्याजवळ दुभाषी बसवावा. सभेचं टिपण मराठीत लिहून प्रत्येक चर्चच्या फलकावर लावावं, म्हणजे जो आला नाही त्यालाही वाचता येईल आणि त्यात आपलं काय राहिलं ते पुढच्या रविवारी येऊन सांगता येईल.